वाचकांचे प्रश्न : न आलेली चांदीची प्लेट

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे ऑनलाइन लिलावात केलेल्या खरेदीच्या पश्चात्तापाविषयीची आहेत. तिन्ही पत्रे कोल्हापूर शहरातून आणि आसपासच्या भागातून आली असून तिन्हींत फसवणुकीचा आरोप पहिल्या ओळीत आणि ‘वर्णन नीट वाचले नव्हते’ ही कबुली शेवटच्या ओळीत आहे. म्हणून ती एकत्र घेत आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून नावे वगळली आहेत.

प्रश्न : मी एका बँकेतून निवृत्त झालो असून राजारामपुरीत राहतो. येत्या मार्गशीर्षात धाकट्या मुलीचे लग्न आहे आणि तिला चांदीची एखादी चांगली वस्तू द्यावी, असे आम्हा उभयतांच्या मनात होते. दोन महिन्यांपूर्वी एका लिलावगृहाच्या ऑनलाइन लिलावात मला जुना चहाचा संच दिसला. वर्णनात ‘व्हिक्टोरियन टी सर्व्हिस, सिल्व्हर प्लेट, फोर पीसेस’ असे लिहिले होते. राणी व्हिक्टोरियाच्या काळातील चहाची भांडी आणि त्यांच्यासोबत चांदीची प्लेट, असे मिळून चार नग, असा त्याचा अर्थ मी घेतला. छायाचित्रात तीन भांडी स्पष्ट दिसत होती आणि मागे चौथ्या वस्तूची केवळ कड दिसत होती; ती प्लेटची असणार असे मी धरून चाललो. वजन २,१५० ग्रॅम दिले होते. त्या दिवशीच्या भावाने नुसत्या चांदीचीच किंमत दीड लाखाच्या पुढे जात होती. लिलावगृहाने अंदाजित किंमत ८,००० ते १२,००० रुपये अशी छापली होती, परंतु गिऱ्हाईक ओढण्यासाठी आकडा मुद्दाम कमी ठेवला असावा असे मला वाटले. मी ७५,००० रुपयांची कमाल बोली नोंदवून ठेवली आणि रात्री संच ५८,००० रुपयांना माझ्या नावावर झाला. बिल आले तेव्हा त्यात २० टक्के बायर्स प्रीमियमचे, म्हणजे लिलावगृह खरेदीदाराकडून घेते त्या दलालीचे ११,६००, त्यावरील जीएसटीचे २,०८८ आणि पाठवणी व विम्याचे २,४०० मिळून एकूण रक्कम ७४,०८८ रुपये झाली होती.

पार्सल उघडले तर आत चहाची किटली, कॉफीचे भांडे, साखरदाणी आणि दुधाचे भांडे. प्लेट नव्हती. ‘प्लेट पाठवायची राहिली आहे’ असा ईमेल मी त्याच दिवशी केला. ‘सिल्व्हर प्लेट म्हणजे चांदीचा मुलामा, आपला संच पूर्ण आहे,’ असे उत्तर आले. मग एक भांडे घेऊन गुजरीत आमच्या नेहमीच्या सराफांकडे गेलो. त्यांनी कसोटीवर एक रेघ ओढली आणि काही न बोलता भांडे उलटे करून तळाची ‘ई.पी.एन.एस.’ ही अक्षरे दाखवली. वर्णनाच्या शेवटच्या ओळीतही तीच अक्षरे होती, हे घरी आल्यावर पाहिले. हा व्यवहार रद्द होईल का? ग्राहक आयोगात जाता येईल का? पैसे क्रेडिट कार्डाने भरले आहेत, ते बँकेकरवी थांबवता येतील का? आणि काहीच शक्य नसेल, तर हा संच परदेशी संकेतस्थळावर विकता येईल का?

उत्तर : आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या भांड्यांच्या तळाशीच कोरलेले आहे, म्हणून आधी भांड्यांविषयी लिहितो. ई.पी.एन.एस. ही ‘इलेक्ट्रोप्लेटेड निकेल सिल्व्हर’ या शब्दांची आद्याक्षरे होत. निकेल सिल्व्हर म्हणजे आपण ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतो तो मिश्रधातू. तो तांबे, निकेल आणि जस्त यांपासून बनतो आणि नावात सिल्व्हर असले तरी त्यात चांदी नसते. त्यावर विजेच्या साहाय्याने चांदीचा पातळ थर चढवण्याच्या पद्धतीचे पेटंट बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये घेतले आणि तेव्हापासून चांदीसारखे दिसणारे चहाचे संच इंग्लंडातील मध्यमवर्गाच्या घरांत आले. आपल्याकडचा संच त्याच घराण्यातला आहे. इंग्लंडातील अस्सल चांदीच्या भांड्यावर, म्हणजे ज्यात ९२.५ टक्के चांदी असते त्यावर, चालत्या सिंहाचा छाप असतो आणि तपासणी करणाऱ्या शहराचे चिन्ह असते. बर्मिंगहॅमचा नांगर, लंडनचे बिबळ्याचे मस्तक. सिंह नसेल आणि इंग्रजी अक्षरांची रांग असेल, तर हात आखडता घ्यावा.

‘प्लेट’ या शब्दाने मात्र आपल्याला एकट्यालाच चकवलेले नाही. आपल्याकडे प्लेट म्हणजे बशी, फार तर भज्यांची प्लेट. व्यापारी इंग्रजीत धातूच्या नावापुढे हा शब्द आला की त्याचा अर्थ मुलामा होतो, आणि जुन्या इंग्रजीत तर सोन्याचांदीच्या अस्सल भांड्यांनाही ‘प्लेट’ म्हणत असत. तेव्हा हा शब्द खुद्द इंग्रजांच्या घरातही तीन अर्थांनी नांदलेला आहे. आपल्या वर्णनात तो एकटाच असता, तर आपली बाजू आजच्यापेक्षा बरीच भक्कम झाली असती. परंतु खाली ई.पी.एन.एस. लिहिले होते, आणि त्या चार अक्षरांनंतर संदिग्धतेला फारशी जागा उरत नाही.

आता कायदा. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २० प्रमाणे करारातील मूलभूत वस्तुस्थितीविषयी दोन्ही पक्षांची चूक झाली असेल, तर करार शून्य, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने न झालेला ठरतो. कलम २२ नेमके उलट सांगते : चूक केवळ एका पक्षाची असेल, तर निव्वळ त्या कारणाने करार रद्द करता येत नाही. आपल्या बाबतीत विकणाऱ्याला आपण मुलाम्याचा संच विकतो आहोत हे ठाऊक होते आणि चांदीचा संच घेतो आहोत असे फक्त आपल्याला वाटत होते, त्यामुळे प्रकरण कलम २२ मध्ये बसते. माल विक्री कायदा, १९३० च्या कलम १५ नुसार वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळला पाहिजे. हे कलम ग्राहकाचे मोठे हत्यार आहे, पण येथे माल वर्णनाशी जुळतो. जुळत नाही तो आपण मनात केलेल्या वर्णनाशी. त्याच कायद्याच्या कलम ६४ मध्ये हातोडा पडेपर्यंत, म्हणजे विक्री पक्की होईपर्यंत, बोली मागे घेण्याची मुभा आहे. ऑनलाइन लिलावगृहे आपल्या अटींत ही मुभा काढून घेतात आणि त्या अटी कितपत टिकतात हा वादाचा विषय होऊ शकतो, परंतु आपल्यापुरता तो संपला आहे, कारण चूक आपल्या लक्षात आली ती हातोडा पडल्यानंतर अनेक दिवसांनी.

वाचण्यातील चुकीबाबत इंग्लंडातील दोन जुने निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवले जातात. ते आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाहीत, पण आपण दोहोंपैकी कोणत्या बाजूला उभे आहात हे त्यांवरून चांगले कळते. १८८० च्या टॅम्प्लिन विरुद्ध जेम्स या खटल्यात एका खाणावळीची मालमत्ता विक्रीस निघाली होती. मालमत्तेचे नकाशे लिलावाच्या ठिकाणी लोकांसमोर ठेवले होते. जेम्स यांनी ते पाहिले नाहीत, कारण ती जागा आपल्याला पूर्वीपासून माहीत आहे असे ते समजत होते. पाठीमागच्या बागाही तिच्यातच येतात, अशी त्यांची कल्पना होती. बागा विक्रीत नव्हत्या. नकाशा समोर असताना न पाहणाऱ्याला चुकीचा आधार घेता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले आणि त्यांना खरेदी पूर्ण करावी लागली.

१९१३ च्या स्क्रिव्हन विरुद्ध हिंडली या खटल्यात चित्र निराळे होते. लिलावात एकाच जहाजाने आलेल्या दोन प्रकारच्या गाठी होत्या. काहींत उत्तम प्रतीचा वाख, म्हणजे दोर वळण्याचा तंतू, होता आणि दुसऱ्यांत त्यातून उरलेला हलका चोथा. दोहोंवर जहाजी खूण एकच होती आणि लिलावाच्या यादीतून त्यांतील फरक कळत नव्हता. खरेदीदाराने चोथ्याच्या गाठींवर वाख समजून भरमसाट बोली लावली. येथे गोंधळ विकणाऱ्याने केलेल्या मांडणीतूनच उपजला होता, म्हणून करार झालाच नाही असे न्यायालयाने म्हटले. आपण स्क्रिव्हनच्या खटल्यातील खरेदीदार व्हावे असे आपल्याला वाटणे साहजिक आहे, परंतु लिलावगृहाने त्या संचाची आणखी छायाचित्रे दिली होती का आणि त्यांतील एखादे भांड्यांच्या तळाचे होते का, हे आपण कळवलेले नाही. ते असेल, तर तो भिंतीवरचा नकाशा आहे आणि आपण जेम्स आहात.

आपल्या शाहू मार्केट यार्डात गुळाचा सौदा निघतो तेव्हा खरेदीदार रव्याचा रंग पाहतो, तुकडा मोडून कणी पाहतो, जिभेवर ठेवतो आणि मगच आकडा बोलतो. जुन्या काळी सौद्यातील अर्धे शहाणपण बोटांत आणि जिभेवर असे. पडद्यावरच्या लिलावात ही दोन्ही इंद्रिये निकामी होतात आणि वर्णन हाच नमुना होतो. म्हणून ते तळापासून वर वाचावे, असे मी अशिलांना सांगत असतो, कारण शीर्षक लिहिणाऱ्याचे काम आकर्षित करणे हे असते आणि शेवटची ओळ लिहिणाऱ्याचे काम लिलावगृहाला वाचवणे हे असते.

एवढे सगळे आपल्या विरुद्ध लिहिल्यावर आता एक गोष्ट आपल्या बाजूने लिहितो, आणि माझ्या मते या पत्रात खरोखर शोधण्यासारखी हीच एक गोष्ट आहे. ज्या संचाचा अंदाज ८,००० ते १२,००० रुपये होता, त्याची बोली ५८,००० पर्यंत गेली कशी? आपण ७५,००० ची कमाल बोली नोंदवली होती, परंतु समोर कोणी चढले नाही तर यंत्रणा ती बोली आपोआप वर नेत नाही. याचा अर्थ दुसरा कोणीतरी मुलाम्याच्या संचासाठी ५०,००० च्या वर बोलत होता. तो आपल्यासारखाच चकलेला एखादा गृहस्थ असू शकतो. तो विकणाऱ्याचा माणूसही असू शकतो. माल विक्री कायद्याच्या कलम ६४ प्रमाणे विकणाऱ्याला स्वतः किंवा दुसऱ्याकरवी बोली लावायची असेल, तर तसा हक्क आधी उघडपणे राखून ठेवावा लागतो. तसे न करता त्याने बोली लावली, तर ती विक्री खरेदीदाराला कपटाची मानता येते, आणि किंमत चढवण्यासाठी खोट्या बोल्या लावल्या असतील, तर खरेदीदाराला विक्री रद्द करता येते. हे वाचण्याच्या चुकीपेक्षा पूर्णपणे वेगळे आणि कितीतरी बळकट कारण आहे. मात्र त्याला पुरावा लागतो, आणि तो संशयाने नव्हे तर बोल्यांच्या नोंदींनी मिळतो.

म्हणून लिलावगृहाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला एक पत्र लिहा. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे त्याने तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि एका महिन्यात तक्रारीचे निवारण करणे बंधनकारक आहे. पत्रात तीन गोष्टी मागा : या संचावरील सर्व बोल्यांचा वेळेसह इतिहास (बोलीदारांची नावे झाकली तरी चालेल); विकणाऱ्याने किंवा लिलावगृहाने स्वतःचा बोलीचा हक्क राखला होता का, आणि असल्यास तो कोणत्या अटीनुसार; आणि सद्भावनेचा भाग म्हणून निदान प्रीमियमची रक्कम परत करण्याची किंवा हाच संच पुढील लिलावात बिनखर्चाने पुन्हा मांडण्याची तयारी आहे का. शेवटची मागणी हक्काची नाही, विनंतीची आहे. ती विनंतीच्याच भाषेत लिहा. ‘प्लेट राहिली’ हा आपला पहिला ईमेल लपवण्याचे कारण नाही. तो आपली चूक दाखवतो, तसाच आपला प्रामाणिकपणाही दाखवतो.

उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येईल. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जेथे राहतो तेथेच तक्रार दाखल करता येते, त्यामुळे लिलावगृह कोठेही असले तरी आपल्याला कोल्हापूर सोडावे लागणार नाही. मुदत दोन वर्षांची आहे आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्क नाही. बोल्यांच्या नोंदींत काही संशयास्पद आढळले, तर अवश्य जा. नुसत्या वाचण्याच्या चुकीवर जाऊ नका. तारखा पडतील, आणि शेवटी वर्णनाची शेवटची ओळ मोठ्याने वाचून दाखवली जाईल.

क्रेडिट कार्डाच्या बँकेकडे ‘माल वर्णनाप्रमाणे नाही’ अशी हरकत घेण्याचा मोह टाळा. माल वर्णनाप्रमाणे आहे, हे आता आपल्याला माहीत आहे, आणि माहीत असून उलट लिहिणे हे आपण ज्या पेशात आयुष्य घालवले त्या पेशाला शोभणारे नाही. परदेशी विक्रीचे म्हणाल, तर संच खरोखरच व्हिक्टोरियन असेल, तर तो शंभर वर्षांहून जुना आहे, कारण राणीचा मृत्यू १९०१ मधला. आणि अशा कलाकुसरीच्या जुन्या वस्तू देशाबाहेर पाठवण्यावर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने निर्बंध आहेत. तेव्हा ती वाट सोडून द्या. देशातच विकायचा झाला तर मराठीत ‘जर्मन सिल्व्हरवर चांदीचा मुलामा’ असे पहिल्याच ओळीत लिहा. किंमत कमी येईल, पण दुसऱ्या कोणा राजारामपुरीकराचे पत्र मला यायचे नाही.

ठेवणार असाल, तर भांडी राखेने किंवा खरखरीत पावडरीने घासू नका. प्रत्येक घासणीबरोबर चांदीचा थर थोडा थोडा जातो आणि कडांवर खालचा पिवळसर धातू डोकावू लागतो. तसे झालेच, तर पुन्हा चांदीचे पाणी देणारे कारागीर आपल्या भागात आहेत. हुपरीत चौकशी करा. मुलीला चांदीच द्यायची असेल, तर तीही तेथेच वजन करून घ्यावी, हे मी आपल्याला सांगायला हवे असे नाही.

प्रश्न : मी कसबा बावड्यात राहते. माझ्या यजमानांनी बँकेच्या ई-लिलावात ३१ लाख रुपयांना फ्लॅट घेतला आणि २५ टक्के, म्हणजे ७,७५,००० रुपये लगेच भरले. विक्रीच्या सूचनेत ‘सांकेतिक ताबा’ असे लिहिले होते. ताबा बँकेकडे आहे, इतकाच अर्थ आम्ही घेतला. फ्लॅट पाहायला गेलो तर जुने मालक सहकुटुंब तेथेच राहत आहेत. उरलेले पैसे न भरता भरलेले परत मागता येतील का?

उत्तर : परत मागता येतील अशा आशेवर एक दिवसही घालवू नका. सांकेतिक ताबा म्हणजे दारावर नोटीस लागली आहे, पण दाराच्या आत मालकच आहे. प्रत्यक्ष ताबा त्याहून वेगळा असतो. सूचनेत हा शब्द होता आणि ‘जसे आहे जेथे आहे’ ही अटही असणार, त्यामुळे वाचण्याच्या चुकीचा आधार येथे पहिल्या पत्रापेक्षाही दुबळा आहे.

सरफेसी, म्हणजे थकलेल्या कर्जाचे तारण बँकांना विकू देणाऱ्या कायद्याखालील २००२ च्या नियमांतील नियम ९ प्रमाणे उरलेले ७५ टक्के, म्हणजे आपल्या बाबतीत २३,२५,००० रुपये, विक्री कायम झाल्यापासून पंधराव्या दिवसापर्यंत भरावे लागतात. बँकेने लेखी संमती दिल्यास मुदत वाढते, पण तीन महिन्यांच्या पलीकडे नाही. न भरल्यास भरलेली रक्कम जप्त होते. अशा जप्तीला करार कायद्यातील नुकसानभरपाईची कलमे लागू होत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सेंट्रल बँक ऑफ इंडिया विरुद्ध षण्मुगवेलू या प्रकरणात स्पष्ट केले आहे. बँकेचे नुकसान कमी झाले म्हणून थोडे पैसे परत द्या, हा युक्तिवाद त्यानंतर चालत नाही.

म्हणून आजच बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याला दोन गोष्टींसाठी लेखी अर्ज द्या. एक, मुदतवाढीसाठी; प्रत्यक्ष ताबा नसलेल्या घरावर अनेक बँका कर्ज देण्यास राजी नसतात, त्यामुळे पैसे उभे करायला वेळ लागेल. दुसरी, सरफेसी कायद्याच्या कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रत्यक्ष ताब्यासाठी अर्ज झाला आहे का हे विचारण्यासाठी, आणि झाला नसेल तर तो तातडीने करण्याच्या मागणीसाठी. त्या अर्जावर जिल्हाधिकाऱ्यांनी ३० दिवसांत, आणि कारणे नोंदवून जास्तीत जास्त ६० दिवसांत आदेश द्यावा, असे कायदा म्हणतो. व्यवहारात यापेक्षा अधिक वेळ लागतो हे येथील कोणीही सांगेल, पण अर्ज झालेला असणे आणि नसणे यात फार फरक आहे. गृहनिर्माण संस्थेची थकबाकी आणि घरफाळा किती आहे, हेही याच वेळी लेखी विचारा.

एकच अपवाद लक्षात ठेवा. मालमत्तेवर दुसऱ्या कोणाचा बोजा असल्याचे बँकेला ठाऊक असूनही तिने ते सूचनेत लिहिले नसेल, तर गोष्ट वाचण्याच्या चुकीची राहत नाही. अशा वेळी त्याच कायद्याच्या कलम १७ खाली ४५ दिवसांच्या आत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाता येते. सूचनेची मूळ प्रत आणि वर्तमानपत्रातील जाहिरात, दोन्ही घेऊन वकिलांना भेटा, आणि ती भेट पंधराव्या दिवसाच्या आधी होऊ द्या.

प्रश्न : माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. आम्ही कळंब्याला राहतो. त्याने एका ऑनलाइन लिलावात १४,५०० रुपयांना लॅपटॉप घेतला. ‘फॉर पार्ट्स, नो चार्जर’ असे लिहिले होते. चार्जर नाही एवढेच त्याने वाचले. लॅपटॉप सुरूच होत नाही. विकणारा म्हणतो, सुट्या भागांसाठीच विकला होता. पैसे माझ्या यूपीआयवरून गेले आहेत.

उत्तर : विकणाऱ्याचे म्हणणे वर्णनापुरते खरे आहे. परंतु आपल्या चिरंजीवांच्या वयाने प्रश्नच बदलतो. अज्ञानाने, म्हणजे अठरा वर्षांखालील व्यक्तीने केलेला करार मुळातच शून्य असतो, हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालयाने, १९०३ मध्ये मोहरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात ठरवले आणि तेव्हापासून तोच कायदा आहे. चूक झाली की नाही हे पाहण्याची वेळच येत नाही.

मात्र खाते कोणाचे, हे आपण लिहिलेले नाही. खाते आपल्या नावाचे असेल, तर कळ दाबणारे बोट मुलाचे असले तरी बोली आपली धरली जाईल आणि वयाचा मुद्दा गळून पडेल. खाते त्याचे असून त्याने जन्मसाल चुकीचे टाकले असेल, तर करार तरीही शून्यच राहील, पण ज्याने खोटे वय सांगितले त्याला घेतलेली वस्तू परत करायला न्यायालय लावू शकते. आपल्याला तर ती परत करायचीच आहे. तेव्हा पालक म्हणून विकणाऱ्याला आणि संकेतस्थळाला मुलाच्या वयाच्या दाखल्यासह पत्र लिहा, व्यवहार शून्य असल्याचे कळवा, पाठवणीचा खर्च आपण सोसण्याची तयारी दाखवा आणि लॅपटॉप आला तसा बांधून ठेवा. तो सुरू होत नाही म्हणून चिरंजीवांनी एव्हाना मागचे स्क्रू काढून आत डोकावले असेल, तर तेही पत्रात लिहून टाका.